उणे एकशे दहा

टुलिप हे आडनाव आहे, फूल नव्हे.
नॉर्मन टुलिप, वय एकोणऐंशी, मुक्काम अ‍ॅशिंग्टन.
कोळशाची खाण बंद झाली तेव्हापासून लीक लावतो;
कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ म्हणा,
मनगटाएवढा जाड, पांढरा, प्रदर्शनात मांडायचा.
प्रदर्शनाला नऊ दिवस उरले असताना
रात्री कुणीतरी येऊन सहा लीक उभे चिरले.
खाल्ले नाहीत. नेले नाहीत. चिरले.

हेजहॉग बघायला त्याने कुंपणाला कॅमेरा बांधला होता.
त्यातलं कार्ड, टपाल तिकिटाएवढं,
रुमालात घेऊन माझ्या दारात उभा: "बघशील का, पेट?"
पेट म्हणजे इथे बाळ, सोन्या, असं काहीतरी.
आठ वर्षं ऐकतेय, तरी दर वेळी
मराठी कानात कुणी काडी ओढल्यासारखं होतं.

माझा लॅपटॉप ब्लाइथच्या एका बंद पडलेल्या वकिली ऑफिसातला,
चाळीस पौंडांचा. लिनक्स मीच चढवलं.
सगळं चालतं: वायफाय, आवाज, व्हिडिओवर आईशी भांडण.
कार्डाची फट तेवढी कधी वापरली नव्हती.

घातलं. खट् झालं. पुढे काही नाही.
लॉग उघडला. कर्नल एक ओळ लिहून मोकळा:
कार्ड सुरू करताना चूक, उणे एकशे दहा.
म्हणजे वाट पाहिली, उत्तर आलं नाही.
चूक कोणाची, ते त्यात नसतं.

फुंकर मारली. खोडरबराने पिवळे दात घासले.
कडेचं चिमुकलं कुलूप खालीवर करून पाहिलं,
शेवटी बंदच ठेवलं, म्हाताऱ्याचा पुरावा आहे,
माझ्या हातून पुसला जायला नको.
मॉड्यूल काढलं, परत बसवलं. जुना कर्नल, नवा कर्नल.
उणे एकशे दहा.
टुलिप रोज संध्याकाळी यायचा, बूट बाहेर काढून,
खुर्चीच्या टोकावर बसायचा,
आजाऱ्याला भेटायला आल्यासारखा.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या औषधखान्यातली रात्रपाळी उरकून आले
आणि कार्ड आत तसंच असताना लॅपटॉप चालू केला.
दिसलं!
चहाचं आधण ठेवून येईपर्यंत गेलं.

म्हणजे मुकं नाही. झोपतंय.
बॅटरी वाचावी म्हणून कुणा शहाण्याने शिकवलंय त्याला,
काम नसेल तेव्हा डोळे मीट.
मिटतं. उघडायचं विसरतं.
परवा भरदुपारी पोस्टमन दार बडवून गेला,
पडदे ओढून मी ठार झोपलेले.
चिठ्ठी टाकून गेला: आलो होतो, आपण नव्हतात.
होते की.

एका फाइलीत 'ऑटो' होतं, तिथे 'ऑन' लिहिलं.
तीन दिवसांचं दुखणं, दोन अक्षरांचं औषध.

चारशे बारा फोटो. धुकं. धुकं. शेजारचं मांजर.
हेजहॉगची पाठ. टुलिपचे स्वतःचे गुडघे.
मग पहाटे चार वाजून सात मिनिटं:
पाठमोरं कुणीतरी, हातात पाव कापायची सुरी.
पुढच्या फोटोत चेहरा अर्धा वळलेला.

माझ्या ओळखीचा नव्हता.
टुलिपला वाचायला क्षणही लागला नाही.
चष्मा काढला, पुसला, परत घातला नाही.
"पूस ते, पेट."

पुसायला गेले तर यंत्र म्हणालं, कार्डाला कुलूप आहे.
कुलूप उघडायला कार्ड बाहेर काढलं,
तेवढ्यात त्याने हात पुढे केला,
बंडीच्या खिशात ठेवलं, वरून बटण लावलं.
बूट घालायला त्याला फार वेळ लागला.

सकाळी दारात वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन लीक,
त्यातलेच, कडा सुकलेल्या.
पीठ पेरून भाजी केली. चिरायचे कष्ट अर्धे वाचले होते.
वाटीभर घेऊन त्याचं दार वाजवलं.
आत दिवा होता. रेडिओही चालू होता.
वाटी गार होईपर्यंत
उभी राहिले.